सात वर्षांची बँक

माटुंग्याच्या गृहस्थास बँकेच्या शाखेची पाटी दिसते, खिडकीमागील कारकून दिसतो. आपला पैसा पुढे कोठे गुंततो, हे मात्र दिसत नाही. मुंबईच्या इंडियन स्पेसी बँकेची हकीगत या दृष्टीने उद्बोधक आहे. स्वदेशीच्या लाटेत १९०६ साली ही बँक निघाली. तिचे चालक चुनीलाल सरैया यांनी चांदीचा प्रचंड साठा केला. नाणी पाडण्यासाठी सरकार ती चढ्या भावाने घेईल, असा त्यांचा होरा होता. परंतु १९१२ साली सरकारने लंडनमध्ये गुपचूप चांदी खरेदी केली आणि साठा अंगावर पडला. नोव्हेंबर १९१३ मध्ये बँक बुडाली. साठा पदरी असणे निराळे व मागताक्षणी रोकड देता येणे निराळे!

पुढे १९६० साली पालाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्याची मर्यादा प्रथम १,५०० रुपये होती; २०२० साली ती ५ लाख झाली. ही मर्यादा एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी मिळून असते. म्हणून मोठी पुंजी दोन शाखांत नव्हे, दोन बँकांत विभागावी, हेच शहाणपणाचे होय.