आपल्या आजाराची माहिती कोणाच्या हाती?



बीड शहराजवळच्या एका वस्तीत पंधरा वर्षांच्या एका मुलीला टीबी असल्याचे निदान झाले. आईला रिपोर्ट वाचता येईना, म्हणून तिने मोबाईलवर फोटो काढला आणि बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "कोणी सांगा गं, यात काय लिहिलंय?" एवढेच तिला विचारायचे होते. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळले. मैत्रिणी लांब बसू लागल्या. पोरगी क्लासला जाईना. पुढे गोळ्या आणायला दवाखान्यातही जाईना, कारण तिथे कोणीतरी बघेल.

मी घरी गेले तेव्हा गोळ्यांना दहा दिवसांचा खंड पडला होता. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देत नाहीत आणि आजार अधिक अवघड होतो. म्हणजे एका फोटोने बदनामी झालीच, वर उपचारही तुटला. आरोग्याच्या पानावर मोबाईल आणि खासगीपणाचा विषय म्हणूनच घेतला आहे. नर्स म्हणून मी सांगते तशी आई म्हणूनही सांगते. माझ्याही घरात शाळेत जाणारे लेकरू आहे आणि माझ्याही हातात मोबाईल आहे.

आता दुसरी बाजू. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अशा काही बायकांना मी भेटले. "कशासाठी काढली?" विचारले की म्हणायच्या, "डॉक्टर म्हणले खराब झालीय." कागद मागितला तर पिशवीत फक्त औषधांच्या चिठ्ठ्या.

एकीकडे मुलीचा कागद साऱ्या वस्तीच्या हाती गेला. दुसरीकडे बाईचा कागद तिच्याच हाती आला नाही. हक्क मात्र दोन्हीकडे एकच आहे. माझ्या शरीराची माहिती मला पूर्ण मिळाली पाहिजे आणि मला विचारल्याशिवाय ती दुसऱ्याकडे जाता कामा नये.

हा हक्क बाहेरून आलेला नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत हक्कांची यादी मांडली. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि वस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण हवे, हे त्यांनी त्यात घातले होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला चालवणारे के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश होते. पण निकाल वस्तीतल्या आपल्या आयाबहिणींनाही तितकाच लागू आहे.

आभा आणि आयुष्मान यांत घोटाळा नको

कॅम्पमध्ये "आधार द्या, ओटीपी सांगा" म्हणतात आणि आपण सांगून मोकळे होतो. कार्ड कोणते निघाले, हे पुष्कळांना माहीत नसते.

आयुष्मान कार्ड उपचाराच्या खर्चासाठी आहे. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक. त्यातून पैसे मिळत नाहीत; आपले रिपोर्ट मोबाईलवर एकत्र जोडता येतात. हे काम २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाले.

आभा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात गेल्यावर जुने रिपोर्ट फोनवर सापडले तर डॉक्टरला मदतच होते. पण आभा ऐच्छिक आहे. नको असेल तर "साधा केसपेपर द्या" म्हणा. आभा नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. काढलेले खाते बंदही करता येते.

आभा काढायचेच असेल तर नंबर स्वतःचा द्या. सीम बदलते, म्हणून कित्येक घरांत मुकादमाचा किंवा सेवा केंद्रवाल्याचा नंबर दिलेला मी पाहिला आहे. मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि होकारही तोच देतो. ओटीपी म्हणजे आपला अंगठा. कोणता दवाखाना, कोणते रिपोर्ट आणि किती दिवसांसाठी मागतो आहे, हे वाचून किंवा वाचून घेऊनच होकार द्या.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो?

* मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केल्यास डॉक्टरने ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे द्यायची असतात. अर्ज लेखी करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. ऑपरेशन ठरले तर आधीच विचारा: कशासाठी, दुसरा उपाय आहे का, कागद कधी मिळेल?
* एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय सहसा करता येत नाही आणि रिपोर्टही संमतीशिवाय सहसा दुसऱ्याला सांगता येत नाही. २०१७ चा हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.
* गर्भपात करून घेतलेल्या बाईचे नाव डॉक्टरला उघड करता येत नाही. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच ते सांगता येते.
* आधार नाही म्हणून कोणत्याही लेकराला योजनेचा लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे. शाळाप्रवेशालाही आधारची सक्ती नाही.

घरात पाळायच्या गोष्टी

रिपोर्ट समजला नाही तर आशाताईंना, नर्सला किंवा डॉक्टरला समोर दाखवा. पाठवावाच लागला तर एकाच माणसाला पाठवा आणि नाव झाका. आधारची झेरॉक्स कोणाकडेही सोडू नका. चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. सर्व केसपेपर एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा आणि ऊसतोडीला जाताना ती पिशवी बरोबर न्या.

आणि लेकरांना विचारा. मुलीच्या पाळीचे, मुलाच्या आजाराचे, परीक्षेतल्या अपयशाचे बोलणे ग्रुपवर टाकण्याआधी "टाकू का?" एवढे विचारा. आपण घरात विचारले तर ती बाहेर "मला का नाही विचारलं?" असे म्हणायला शिकतील.

त्या मुलीच्या आईने फोटो काढून टाकला, पण तोवर तो कोठे कोठे गेला ते कोण सांगणार? आशाताई आणि मी दोघी मिळून गोळ्या घरी पोचवू लागलो. मुलगी पहिले काही दिवस आमच्याशी बोललीच नाही. एक दिवस म्हणाली, "मॅडम, माझा कागद माझ्याकडंच द्या." दिला. आता तो तिच्या दप्तरात असतो, आणि गोळ्या चालू आहेत.