लाटणे, थापणे आणि ग्लूटेन

सोनईच्या (ता. नेवासे) स्वयंपाकघरात गव्हाची पोळी लाटतात, बाजरीची भाकरी थापतात. हा क्रियापदभेद केवळ रूढीचा नव्हे. त्याच्या मुळाशी धान्याचा गुणधर्म आहे. कणीक तिंबली असता गव्हातील ग्लायाडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्याच्या योगाने एकत्र येऊन ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. ज्वारी-बाजरीत ही प्रथिने नसतात. त्यांचे पीठ ताणले की तुटते, म्हणून ते थापावे लागते.

अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, असलेल्या मुलांस ग्लूटेनमुक्त आहार द्यावा, असा सल्ला अलीकडे पालकांच्या कानी पडतो. शब्द परका असल्याने वस्तूही महागड्या पुड्यांतूनच आणावी लागेल, असा समज होतो. वस्तुतः आपली भाकरी ती हीच. परंतु आहाराची सुलभता हा त्याच्या गुणाचा पुरावा नव्हे. त्याने एडीएचडीची लक्षणे कमी होतात, असे संशोधनाने सिद्ध झालेले नाही. त्यावर विसंबून योग्य उपचार लांबणीवर टाकणे मुलास हानिकारक होय.

सिलिअ‍ॅक रोगात मात्र हा आहार अपरिहार्य आहे. गव्हाशी त्या रोगाचा असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. या रोगाची शंका असल्यास गहू बंद करण्यापूर्वीच रक्ततपासणी करावी. अन्यथा निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो. निदान झाल्यावरही गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळलेली बाजरी निर्धोक मानता येत नाही.

तात्पर्य, ‘थापणे’ हे क्रियापद धान्याची ओळख पटविते, व्याधीची नव्हे.