घोड्याच्या पोटातला चपटा जंत

आषाढात माउलींची पालखी पंढरपूरच्या वेशीजवळ येते. बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण होते आणि अश्व दौडून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते. ज्याच्या पायाची धूळ आपण कपाळी लावतो त्या जनावराच्या पोटाची चौकशी मात्र आपण फारशी करीत नाही. रिंगणातल्या अश्वाची काळजी घ्यायला त्याची माणसे असतात. मला आज बोलायचे आहे ते टांग्याच्या तट्टाबद्दल, वरातीच्या घोडीबद्दल आणि भीमेकाठी पायांत लोढणे अडकवून सोडलेल्या शिंगराबद्दल.

घोड्याला शूळ उठला, म्हणजे पोटात कळा येऊ लागल्या, की घरात धावपळ होते. जनावर पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे पाहते, घाम सुटतो, लोळण घेते. कोणी म्हणतो वारा धरला, कोणी म्हणतो दृष्ट लागली. कारणे पुष्कळ असतात. चंदी एकदम वाढवली, पाणी कमी पडले, वाळू पोटात गेली, दात झिजले. यातच एक कारण असे आहे की ते बाहेरून अजिबात दिसत नाही. ते म्हणजे चपटे जंत. पुस्तकी भाषेत पट्टकृमी.

पट्टकृमी म्हटले की हातभर लांब फीत डोळ्यांपुढे येते. घोड्यात नेहमी सापडणारा जंत तसा नसतो. तो चार ते आठ सेंटिमीटर लांब, जवळजवळ बोटाएवढा रुंद आणि जाडसर पानासारखा दिसतो. शास्त्रज्ञ त्याला ॲनोप्लोसेफाला परफोलिआटा म्हणतात. आपण चपटा जंतच म्हणू. त्याच्या डोक्याला चार चोषके असतात आणि त्यांनी तो आतड्याला घट्ट धरून बसतो. कुठे बसतो, हे महत्त्वाचे. घोड्याचे लहान आतडे जिथे संपते तिथे एक मोठी, एका टोकाला बंद अशी पिशवी असते. तिला अंधांत्र म्हणतात. लहान आतड्यातून या पिशवीत जाण्याचे तोंड अरुंद असते आणि आमचे हे पाहुणे नेमके त्या तोंडाभोवती दाटीवाटीने बसतात. दहा-पाच असतील तर जनावर ते पचवून नेते. वीसच्या वर गेले की तिथे सूज येते, व्रण पडतात, कड जाड होते. मग कधी कडबा त्या तोंडाशी तटतो, तर कधी एक आतडे दुसऱ्यात शिरते. लिव्हरपूलच्या प्राउडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली शूळ झालेली घोडी तपासून हिशेब मांडला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात चारा तटून झालेल्या शुळांपैकी 81 टक्के, आणि नुसत्या मुरड्याच्या शुळांपैकी 22 टक्के, या जंताशी जोडता येतात असे त्यांना आढळले. ही आकडेवारी तिकडच्या कुरणांवरची. पण आतड्याचे ते तोंड इकडच्या घोड्यालाही तितकेच अरुंद आहे.

आता हा जंत ओळखायचा कसा? इथेच सारी गंमत आहे, आणि फसगतही.

एकदा एक टांगेवाले मामा सकाळीच वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून आले. "हे बघा, लिदीत सापडलं. पट्टकृमीच की नाही?" पुडीत तांबूस, गुबगुबीत, अंगावर काट्यांची वलये असलेल्या दोन अळ्या होत्या. ती बॉट नावाच्या माशीची अळी. ही माशी घोड्याच्या पायांच्या केसांवर पिवळी अंडी चिकटवते, ती तोंडावाटे पोटात जातात आणि अळ्या जठराला चिकटून महिनेच्या महिने राहतात. दुसरे एक मामा घोडा शेपटी भिंतीला घासतो म्हणून आले. त्याचा दोष बहुधा गुदाशी अंडी घालणाऱ्या बारीक टाचणी-जंताचा असतो. चपट्या जंताने शेपटी खाजत नाही. कुत्र्याच्या विष्ठेत भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात, तसे इथे सहसा दिसत नाहीत. या जंताचे पिकलेले तुकडे आतड्यातच विरघळून जातात. घोडा खातो-पितो, अंगावर चमक असते आणि आत पन्नास जंत असू शकतात. म्हणून नजरेने निदान करायचे नाही, हे पहिले पथ्य.

मग लीद तपासावी. पण नेहमीच्या तपासणीत चिमूटभर लीद मिठाच्या पाण्यात कालवून वर तरंगणारी अंडी मोजतात. गोल जंतांसाठी ती रीत उत्तम आहे. चपट्या जंतासाठी ती तोकडी पडते. त्याची अंडी रोज सारखी पडत नाहीत, तुकडा फुटला तर पडतात. आणि ती जडही असतात. "लीद तपासली, काही नाही" हा कागद हातात आला तरी पोटात जंत नाहीत असे समजू नका.

यावर तोड अशी. चिमटीऐवजी मूठभर, सुमारे 40 ग्रॅम लीद घ्यायची, ती पाण्यात कालवून गाळायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवायचा आणि तो साखरेच्या दाट पाकात मिसळून पुन्हा फिरवायचा. पाक मिठाच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून अंडी वर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती इंग्रजी डी अक्षरासारखी, एका बाजूने चपटी दिसतात आणि आत नासपतीच्या आकाराचे कवच व सहा आकड्यांचा गर्भ असतो. 1992 साली प्राउडमन आणि एडवर्ड्स यांनी या रीतीची पारख केली तेव्हा जंत असलेल्या शंभरांपैकी 61 घोडी पकडता आली. वीसच्या वर जंत असणारी बहुतेक सगळी सापडली, आणि आपल्याला खरी भीती असते ती त्यांचीच.

आणखी एक युक्ती आहे. जंताचे औषध दिल्यावर सुमारे 24 तासांनी पडलेली लीद तपासावी. मरणाऱ्या जंतांचे तुकडे फुटून अंडी एकदम बाहेर पडतात आणि आधी न दिसलेली सापडतात. औषध दिल्यावर तपासायचे कशाला, असे कोणी विचारील. त्या एका घोड्यासाठी नव्हे, त्याच्या सोबत चरणाऱ्या बाकीच्या चार जनावरांसाठी.

रक्तावरूनही निदान होते. जंताच्या अंगातील द्रव्याविरुद्ध घोड्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात ती मोजण्याची परीक्षा लिव्हरपूललाच 1990 नंतरच्या दशकात बसवली गेली. पुढे 2014 पासून ब्रिटनमध्ये लाळेवरची परीक्षा आली. घोड्याच्या तोंडात बोळा फिरवला की झाले, सुई नको. पण जंत मेल्यावरही प्रतिद्रव्ये काही महिने रेंगाळतात. नुकतेच औषध दिले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

तालुक्याच्या गावी आपल्या हाती मुख्य साधन लीदच. ती ताजी, नुकती पडलेली, मातीला न लागलेली वरची घ्यावी. पिशवीतली हवा दाबून काढावी, तोंड बांधावे, सावलीत ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावी. आणि "जंत बघा" एवढेच न म्हणता "चपट्या जंतासाठी बघा" असे स्पष्ट सांगावे. अडचण आली तर नमुना पुढे पाठवता येतो. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला रोगनिदान प्रयोगशाळा आहे.

तपासणी केव्हा करावी? हा जंत एका घोड्याकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. लिदीतली अंडी गवताच्या मुळाशी राहणारे, डोळ्याला जेमतेम दिसणारे माइट नावाचे किडे खातात. त्यांच्या पोटात दोन ते चार महिन्यांत पुढची अवस्था तयार होते. घोडा गवताबरोबर तो किडा खातो आणि सहा ते दहा आठवड्यांत जंत मोठा होतो. श्रावण-भाद्रपदात नदीकाठच्या ओल्या गवतावर चरलेल्या घोड्याचा हिशेब करा. कार्तिकी एकादशीच्या सुमारास जंत पिकलेले असतील. तोच काळ तपासणीला बरा. ठाणबंद, कडबा-चंदीवरच्या घोड्याला धोका कमी. मात्र त्याला नदीकाठचा हिरवा भारा कापून आणून घालीत असाल, तर किडेही भाऱ्यातून घरपोच येतात.

औषधाबद्दल एकच गोष्ट, कारण तिच्यात पैसा आणि जनावर दोन्ही जातात. हल्ली घोड्याला सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन चपट्या जंतावर चालत नाही. त्या मामांच्या अळ्यांवर ते चालले असते, या जंतावर नाही. इथे प्राझिक्वांटेल लागते, वजनाच्या दर किलोला 1 ते 1.5 मिलिग्रॅम, किंवा पायरँटेल नेहमीच्या दुप्पट मात्रेत. कोणते द्यावे ते डॉक्टरांनी ठरवावे, पण वजन तुम्ही घरी काढून नेऊ शकता. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 150 आणि लांबी 140 भरली तर तट्टू 265 किलोच्या आसपास आहे. अंदाजपंचे कमी मात्रा दिली तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. 2023 साली अमेरिकेत केंटकी भागातल्या घोड्यांत ही दोन्ही औषधे अपुरी पडल्याची नोंद झाली आहे. म्हणून औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मूठभर लीद दवाखान्यात न्या. तेव्हाही डीच्या आकाराची अंडी दिसली, तर मात्रा चुकली की औषध चुकले हे डॉक्टरांना तिथेच विचारा.