बातमीत आपला माल दिसू द्या

बचत गटांच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. आज आपण बोलणार आहोत, आपल्या गटाच्या व्यवसायाची बातमी वर्तमानपत्राला कशी लिहून द्यायची यावर.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. आमच्या एका गटाने बाजरीच्या खारोड्या विकायला काढल्या. उद्घाटन झालं आणि बातमी मी लिहिली. अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, आभार कुणी मानले, सगळी नावं मानानं घातली. बातमी फोटोसकट छापून आली. पण आठ दिवसांत एकही गिऱ्हाईक आलं नाही. शेजारच्या गावच्या मावशी म्हणाल्या, "ताई, फोटो झकास आलाय. पण तुमचा गट विकतो काय?" मी बातमी पुन्हा वाचली. त्यात खारोडी हा शब्दच नव्हता! किंमत नाही, फोन नंबर नाही. चुलीपुढे राबलेल्या बायकांची नावंही नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे बघा. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जपलं, बियाणे बँक उभी केली. 2018 मध्ये बीबीसीने जगातल्या 100 महिलांच्या यादीत त्यांना घेतलं आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव निघालं की आपल्याला आधी बियाणं आठवतं. आपल्याही बातमीत काम असंच पुढे दिसलं पाहिजे.

जाहिरातीला पैसे पडतात, तिथे हवं ते लिहिता येतं. बातमी फुकट छापतात, पण छापायची की नाही ते संपादक ठरवतात. म्हणून 'आमचा माल सर्वोत्तम' असं लिहू नका. नवीन काय घडलं ते सांगा. कोणी, काय, कुठे, कधी, का आणि कसं, एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्या. महत्त्वाचं आधी लिहा, कारण जागा कमी पडली की बातमी बहुधा खालून कापतात. पाहुण्यांची नावं शेवटी.

आमची बातमी अशी हवी होती:

"भरडलेली बाजरी, लसूण, तीळ घालून केलेल्या घरगुती खारोड्या आता तालुक्याच्या बाजारात मिळणार आहेत. गावातील 10 महिलांच्या बचत गटाने हा व्यवसाय सुरू केला आहे. ता. 12 रोजी सकाळी 9 पासून एसटी स्टँडसमोर विक्री होईल. अर्ध्या किलोचे पाकीट 120 रुपयांना आहे."

यात गटाचं नाव, गाव आणि फोन नंबर घाला. नंबर अशा मैत्रिणीचा द्या जी फोन उचलते, आणि तिला आधी विचारा. एखाद्या सभासदाचं बोलणं तिच्या नावासह दोन ओळींत घातलंत तर बातमीत जीव येतो.

खोटं मात्र लिहू नका. 'साखर बरी होते' असला दावा अंगाशी येईल. खाण्याचा माल असेल तर अन्न परवान्याची 14 अंकी नोंदणी आधी करून घ्या, बातमीदाराने विचारलं तर सांगता येते.

फोटोत फीत कापणारे हात नकोत. खारोड्या घालणाऱ्या बायका आणि पाकीट दिसू द्या. फोटोत कोण आहे ते डावीकडून क्रमाने लिहा. बातमी एका पानात बसवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना कागदाचा फोटो काढू नका, मजकूर टाइप करा, म्हणजे बातमीदाराचं काम हलकं होतं. कार्यक्रमाआधीची बातमी तीन-चार दिवस आधी द्या, नंतरची त्याच संध्याकाळी. चार दिवसांनी ती शिळी होते.

पाठवण्याआधी गटातल्या, कार्यक्रमाला न आलेल्या बाईला वाचून दाखवा. मग विचारा, "काय विकतोय, केवढ्याला, कुठे मिळेल?" तिला तिन्ही सांगता आलं तर बातमी तयार आहे. नाही आलं, तर पुन्हा लिहा. मीही आता तेच करते.