रक्ताचा कर्करोग : विश्रांती किती, हालचाल किती?



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही या विषयावर गोदाकाठी बोलायला उभा राहिलो, त्याला कारण आमच्या युनियनमधला एक कामगार. सातपूरच्या एका कारखान्यात तो यंत्रावर होता. ऐन चाळिशीत त्याला रक्ताचा एक जुनाट कर्करोग, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, असल्याचे निघाले. मुंबईला टाटा रुग्णालयात गोळ्या सुरू झाल्या, रक्ताचे अहवाल सुधारले; माणूस मात्र खाटेवरच. घरचे म्हणत, "कॅन्सर आहे, हलू नकोस." व्यवस्थापनही म्हणे, "विश्रांती घ्या," आणि त्या प्रेमळ शब्दाआड राजीनाम्याचा कागद तयार होता. मायेची माणसे आणि मालक यांचे एकमत झाले की कामगाराने सावध व्हावे, एवढे मी तीस वर्षांत शिकलो आहे.

सिनेमात रक्ताचा कर्करोग झालेला नायक शेवटच्या रिळात हटकून मरतो, त्यामुळे लोकांची समजूत तशीच झाली आहे. वस्तुतः या रोगाचे अनेक प्रकार आहेत. काही झपाट्याचे, काही वर्षानुवर्षे चालणारे. मी ज्याचे नाव घेतले त्या प्रकारात पेशींतील एक गुणसूत्र विचित्र आखूड दिसते, हे १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आढळले. त्या दोषावर नेमका घाव घालणारी इमॅटिनिब नावाची गोळी २००१ साली आली. तिच्या सुधारित रूपाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले गेले आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. नेमाने गोळी घेणारे बहुतेक रुग्ण आज जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतात. म्हणजे प्रश्न सहा महिन्यांचा नसून वीस-तीस वर्षांचा आहे. तेवढा काळ माणसाने खाटेवर काढायचा काय?

या रोगांत सर्वांत छळतो तो थकवा. झोपून उठले तरी तो जात नाही. कधी रक्त कमी असते, कधी औषधाचा परिणाम असतो. आणि बराचसा थकवा पडून राहण्यातूनच वाढतो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की श्रम करण्याची ताकद तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांनी घटली होती! हे निरोगी तरुणांचे. आजाऱ्याचे काय होत असेल? स्नायू झिजतात, मग चार पावलांनी दम लागतो, दम लागला म्हणून माणूस पुन्हा पडतो. कर्करोगातील थकवा हालचालीने कमी होतो, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक, रक्ताचे थोडे. पण कौल त्याच बाजूचा आहे. रोग मात्र चालण्याने बरा होत नाही. गोळी सोडून पांडवलेणी चढणाऱ्याचे मी समर्थन करणार नाही.

येथे आमचे कामगार विचारतात, "आठ तास राबतो, तो व्यायाम नव्हे काय?" नव्हे. सिन्नरची विडी वळणारी बाई दिवसभर मांडी घालून बसते. तिची बोटे दमतात, हृदयाला काम मिळत नाही. हमाल ओझ्याखाली वाकतो, पण थांबायचे केव्हा हे त्याच्या हातात नसते. व्यायामात ते आपल्या हातात असते, हा मोठाच फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जुनाट आजार असलेल्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, गाता येऊ नये. थकलेल्याने दहा मिनिटांपासून आरंभ करावा.

तथापि सर्वांना एकच माप लागू नाही. मायलोमात हाडे ठिसूळ होतात. तेथे ओझे उचलणे किंवा कंबर पिळणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पानथरी वाढली असेल तर कुस्ती-कबड्डी वर्ज्य, कारण पोटावरचा फटका जिवावर बेतू शकतो. प्लेटलेट फार उतरल्या असतील तर पडण्या-धडपडण्यापासून जपावे. ताप असेल, छातीत दुखत असेल, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि दवाखाना. इमॅटिनिबने पोटरीत गोळे येतात. तेही डॉक्टरांना सांगावे, मनाने गोळी बंद करू नये.

आमच्या त्या कामगाराचे काय झाले? डॉक्टरांकडून 'लायक' की 'नालायक' एवढाच शेरा आम्ही घेतला नाही. किती वजन उचलेल, किती वेळ उभा राहील, रात्रपाळी चालेल काय, हे लिहून मागितले. त्या कागदावर दोन महिने भांडलो आणि त्याला स्टोअरमध्ये दिवसपाळी मिळाली. आता तो पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या घालतो. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत बसला होता. हल्ली तीन होतात. मे महिन्यात उन्हे वर येण्याआधी परततो, आणि अंगात कणकण असली की बायको चपला लपवून ठेवते.