अंघोळ झाली, तरी पंखा चालू हवा

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी बहुधा डक्टकडे उघडते. ऊन नाही, वारा नाही. पावसाळ्यात टॉवेल ओलसरच राहतात, छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. एक्झॉस्ट फॅन असतो, पण तो लावायची आठवण राहत नाही. मग वायरमनला सांगितले जाते, ‘पंखा दिव्याच्याच बटणावर घ्या.’

मागणी रास्त आहे. एलईडी दिवा ९ वॉटचा, सहा इंची पंखा साधारण ३०-४० वॉटचा; दिव्याच्या सर्किटला हा भार काहीच नाही. बटणातून दिव्याकडे जाणारा फेज आणि दिव्याचा न्यूट्रल पंख्याला जोडला, की दोन्ही एकदम चालू. अर्थिंगची हिरवी वायर मात्र पाहून घ्यावी लागते. जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटपर्यंत ती आलेली नसते, आणि लोखंडी बॉडीचा पंखा तिच्याशिवाय बसवूच नये.

अडचण पुढेच आहे. अंघोळ करून बाहेर आलेला माणूस दिवा बंद करतो आणि पंखाही थांबतो. वाफ आतच! इंग्लंडमध्ये पंखा दिव्याला जोडण्याची पद्धत जुनी आहे. तिथल्या बांधकाम नियमांनुसार बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला किमान १५ लिटर हवा बाहेर टाकायला हवी. आपली पाच बाय सात फुटांची, नऊ फूट उंच बाथरूम घेतली, तर आत जवळपास ९,००० लिटर हवा असते. म्हणजे या वेगाने तेवढी हवा बाहेर टाकायलाच दहा मिनिटे लागतील, आणि ओल्या भिंती-फरशी तोवर ओल सोडतच असतात.

यावर टाइमरचा पंखा हा खरा उपाय. त्याला दोन फेज लागतात: एक कायम चालू असलेला, दुसरा दिव्याच्या बटणातून आलेला. बटणाचा फेज पंखा सुरू करतो. तो गेला, की टाइमर मोजू लागतो आणि मोटर कायमच्या फेजवर ठरलेली मिनिटे फिरत राहते. आपल्याकडे बाथरूमचा बोर्ड बहुधा दाराबाहेर असतो, त्यामुळे कायमचा फेज हाताशीच मिळतो. जादा वायर कन्सील्ड पाइपातून ओढली, की झाले. पाइप तुंबलेला निघाला, तर भिंत फोडावी लागते. अशा पंख्यात दिवा बंद असतानाही करंट असतो. म्हणून त्याला वेगळे बटण द्यावे आणि पाती पुसताना एमसीबीच खाली करावा.

सर्वाधिक घोळ न्यूट्रलचा होतो. गीझरचा न्यूट्रल जवळ पडतो म्हणून तोच उचलला जातो. दोन्ही सर्किट वेगवेगळ्या आरसीसीबीवर असतील, तर पंखा लावताच आरसीसीबी पडतो. ३५ वॉटचा पंखा २३० व्होल्टवर दीडशे मिलिअँपियर घेतो, आणि घरगुती आरसीसीबीला पडायला फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये ३० मिलिअँपियरचा फरक पुरतो. वायरमन मग पंख्यालाच दोष देतो. फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे घेतले, की हा त्रास उरत नाही. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर गोष्टच वेगळी. दार-खिडकी बंद ठेवून पंखा चालवला, तर तो गीझरचा धूर उलटा आत ओढू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. तो गीझर बाथरूमबाहेर काढणेच योग्य. इतर बाथरूममध्येही दाराखाली बोटभर फट ठेवून घ्यावी. नवीन हवा आत आली नाही, तर पंखा जागच्या जागी घरघरत राहतो.