कॅम्परमधला डिटेक्टर कधी बदलायचा?

सुरतेतल्या कॅम्परवाल्या मंडळींनो, सापुताऱ्याला निघण्याआधी गाडीतला डिटेक्टर काढून त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. बसवल्याची नव्हे, बनवल्याची तारीख धरायची. धुराचा डिटेक्टर 10 वर्षांत बदलायचा, एलपीजीचा साधारण 5 ते 7 वर्षांत. कार्बन मोनॉक्साइडचा मॉडेलप्रमाणे, 5 ते 10. वर छापलेली मुदत मात्र शेवटची.

‘टेस्ट’चं बटण दाबलं, भोंगा वाजला, म्हणजे झालं? अजिबात नाही! बहुतेक गॅस डिटेक्टरमध्ये त्या बटणानं भोंगा आणि सर्किट तेवढं तपासलं जातं. सेन्सर थकलाय का, ते कळत नाही. त्यात आपल्या गाड्या उन्हाळाभर बंद तापतात, डुमसची खारी हवा खातात. डॅशबोर्ड चकाकवायचा सिलिकॉन स्प्रे तर काही सेन्सर कायमचे निकामी करतो.

नवा बसवताना जागा बघा. घरचा पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर चढतो. गाडीतला सिलिंडरचा गॅस जड, खाली साचतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर फरशीजवळ आणि धुराचा छताला. आणि हो, शेगडीची नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा 5 वर्षांचीच असते. तिच्यावरही तारीख छापलेली असते.